ठकू कुंभारणीचं न फुटलेलं मडकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर आमच्या पांढरखडीत एकच विहीर होती, तेव्हाची. पाणी दिसायला नितळ, पण जड. डाळ दिवसभर रटरटली तरी दाणा मऊ होत नसे. घागरीच्या बुडाला पांढरा थर धरे. आणि गावातली धडधाकट माणसं कंबर धरून अंगणात गडबडा लोळत. मुतखडा!

गावानं डोकं चालवलं. पाण्यात दगड आहे ना, मग पाणीच कमी प्यावं. झालं! जो एका तांब्यावर दिवस काढी, तो शहाणा ठरू लागला. सोयरीक जुळवताना मुलगा पाणी किती पितो तेही विचारत, असं म्हणतात. खडे मात्र वाढतच गेले.

त्या गावात ठकू कुंभारीण राहायची. तिचा दीर मुतखड्यानं गेला होता. आता नवरा, बरकू, तसाच लोळू लागला आणि भीतीनं दिवसाला दोन घोटांवर आला. मूलबाळ नाही, जगात तिचं म्हणून एवढंच माणूस. ठकू भट्टीपाशी बसून रडली. रडता रडता तिची नजर दोन मडक्यांवर गेली. एक रोज भरायचं, रोज रिकामं व्हायचं, त्यात थर जेमतेम. दुसऱ्याच्या तळाशी थोडंसं पाणी कधीचं पडून होतं, त्यात थर बोटभर. पाणी दोन्हींत त्याच विहिरीचं.

ती उठली आणि भरला माठ बरकूच्या उशाशी ठेवला.

"मारतीस का गं मला?"

"जलमभर मडकी घडवली म्या. पानी थोडं ऱ्हाऊन साचलं, तितंच खडा धरतो. तुमी बी मातीचंच हायसा. प्या!"

बाई नवऱ्याला विष पाजते, म्हणून गाव दारात जमलं. ठकूनं तीन दिवस हातातला तांब्या खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी मातीच्या भांड्यात टण् वाजलं. खडा पडला! आमचे आजोबा तो चिंचोक्याएवढा सांगत. हल्ली सुपारीएवढा सांगतात. नातवंडं नारळावर नेतील.

मग ठकूनं बांधाबांधावर मडकी ठेवली. नको म्हणेल त्याच्या मागं तांब्या घेऊन धावली. सगळ्यांनाच गुण आला असं नाही, पण अंगणातलं लोळणं कमी झालं. तिच्या मडक्यांतलं पाणी वैशाखातही आटत नसे, असं म्हणतात. आटेल कसं? रोज पहाटे ती स्वतः भरायची.

बरकू तिच्यामागंही जगला. ठकू गेली तेव्हा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तो सरणाभोवती निघाला. मडक्याला भोक पाडायला कुणीतरी दगड उचलला, तसा म्हातारा थांबला.

"हिच्या मडक्यानं मला जगिवलं. ते फोडू व्हय?"

लोक समजावून थकले. त्यानं ते मडकं तसंच बांधावर नेलं आणि काठोकाठ भरून ठेवलं.

तेव्हापासून पांढरखडीत प्रेताबरोबर नेलेलं मडकं कुणी फोडत नाही, बांधावर भरून ठेवतात. परगावचा माणूस अपशकुन म्हणून तोंड फिरवतो. मग शेजारच्या रानातलं कुणीतरी येतं, आधी स्वतः तांब्याभर पितं, दुसरा तांब्या पाहुण्यापुढं धरतं आणि म्हणतं, "घ्या पावनं, आमच्या ठकूनं भरलाय."