एका श्वासातलं मागणं

चाफ्याच्या राईपलीकडे, गावाच्या अगदी टोकाला एक एवढंसं घर होतं. इतकं एवढंसं, की दारातून ऊन आत आलं की माणसांनी जरा सरकून बसावं. त्या घरात गोजरी राहायची आणि तिचा आबा. आईबाप नव्हते. आबाच आई, आबाच बाप.

आबा जात्यांना टाकी लावायचा. आता तुम्ही विचाराल, टाकी म्हणजे काय? तर बाळांनो, दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग दाणे नुसतेच भरडून बाहेर पडतात. तेव्हा छिन्नीनं त्या दगडाला बारीक बारीक टोचे मारायचे, की जातं पुन्हा झकास दळायला लागतं. आबाचा हात तर असा, की एका खवट शेठाणीनं परीक्षा बघायला जात्यात मुद्दाम खडे टाकले, आणि त्यांची रांगोळी होऊन बाहेर पडली! शेठाणीनं ती मुकाट्यानं अंगणात घातली.

पण टोचे मारताना दगडाची धूळ उडायची. ती थोडी थोडी करून आबाच्या छातीत जाऊन बसली. आता आबा खाटेवरून उठत नव्हता. दोन शब्द बोलला की थांबायचा, आणि पुढचा श्वास कुठून आणू, अशा नजरेनं दाराकडे बघायचा.

गोजरी त्याचं तोंड पुसायची, त्याला कुशीवर वळवायची, पाठीला खोबरेल चोळायची, चमच्याचमच्यानं पेज भरवायची. फक्त झोपायची नाही. बसल्या बसल्या डुलकी आली की स्वतःलाच चिमटा काढायची. तिचे हात निळ्या-जांभळ्या ठिपक्यांनी भरले होते.

एके सकाळी ती राईत अडुळशाची पानं आणायला गेली. पानांवर दवाचे मोती लुकलुकत होते. खाली मातीत काहीतरी चिमुकलं धापा टाकत पडलं होतं. मोरपंखी झगा, काजव्याएवढा मुकुट, आणि धुळीनं माखलेले इवलेइवले पंख!

"अगं बाई, तुलाही धाप लागली?" गोजरीनं तिला अलगद तळहातावर घेतलं, पानाच्या टोकावरून दवाचा थेंब पाजला आणि हळूहळू वारा घातला.

"तुझा हात फार शहाणा आहे गं," ती नाजूक आवाजात म्हणाली. "मी झुळूकपरी. पण तुझे डोळे असे लाल का?"

"मी झोपत नाही. माझा डोळा लागला आणि नेमका तेव्हाच आबा गेला तर? एकटाच?" गोजरीच्या गालावरून पाणी ओघळलं.

परी तिच्या तळहातावर उठून बसली आणि म्हणाली, "तीन मागण्या देते. पण कापडाला काठ असतो तशा माझ्या देण्याला अटी असतात. मागायचं तुझ्या आबांनी, तू नाही. मागायचं एका श्वासात. आणि जे मागणं तोंडून निघेल ते मोजलं जाईल, मागाहून बदलून मिळणार नाही."

"मग आबा बरा होईल ना?"

परी नुसती पंखांवरची धूळ झटकत राहिली.

गोजरी धावतच घरी आली. परी तिच्या वेणीत बसली होती. गोजरीनं आबाला उठवून बसवलं. "आबा, नीट ऐक. नुसतं म्हण, 'बरा कर मला.' एका दमात. येईल ना?"

आबा हसला. तेवढ्यात शेजारची सीताक्का आत आली आणि तिनं आबाला खांदे धरून उताणा निजवला. "आजारी माणसानं आडवंच असावं! बसवतेस काय त्याला, पोरी?"

आबाचे ओठ काळे-निळे पडले. छाती भात्यासारखी वरखाली झाली. "टेकू दे!" तो कसाबसा म्हणाला.

झालं! एक मागणी गेली. खाटेवर सावरीच्या कापसाचा गुबगुबीत गुलाबी लोड उमलला. गोजरीनं आबाला बसवून त्यावर पुढे वाकवलं, हात टेकवले. श्वास जरासा मोकळा झाला.

"आता म्हण, आबा! बरा..."

पण सीताक्का कशी थांबेल? उताणं निजवून चुकलं, तर निदान धुरी तरी देऊ, म्हणून ती शेगडी घेऊन आली. निखाऱ्यांवर मूठभर ओवा टाकला. त्या गावात कुणी खोकलं की धुरी द्यायचीच, हा रिवाज. कुणाचं बाळ खोकलं तरी धुरी, कुणाची गाय खोकली तरी धुरी! खोली भरून गेली. वेणीतली परीसुद्धा खोकायला लागली.

"धूर नको," आबा घुसमटून म्हणाला.

लगेच धुराची पांढरी फुलपाखरं झाली आणि भुरभुरत छपरातून निघून गेली. शेगडीतल्या निखाऱ्यांची केशरी झेंडूची फुलं झाली. सीताक्का बघतच राहिली. "अगं माझे आई! मी भल्यासाठीच केलं गं..." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि ती शेगडी उचलून गेली.

आता एकच मागणी उरली. गोजरीनं दार लोटलं, आबाच्या पायाशी बसली आणि हात जोडले. "आबा, आता दुसरं काही बोलू नको. माझ्यासाठी म्हण."

आबानं तिच्याकडे पाहिलं. विस्कटलेले केस पाहिले, लाल डोळे पाहिले, हातांवरचे ठिपके पाहिले. त्यानं खोल, फार खोल श्वास गोळा केला.

"पोरीला झोप दे."

"आबा, हे काय केलंस रे..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. चांदीच्या चुऱ्यासारखं काहीतरी पापण्यांवर पडलं आणि तिची मान आबाच्या मांडीवर कलंडली.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. गोजरी दचकून उठली. तिला आबाच्या तोंडाकडे बघवेना.

"जागी झालीस?" आबा म्हणाला.

तो तसाच लोडावर टेकून होता. झुळूकपरी त्याच्या उशाशी पंखांनी वारा घालत होती. रात्रभर घालून घालून तिच्या पंखांचा रंग फिका झाला होता.

"तिन्ही मागण्या संपल्या," परी म्हणाली. "झिजलेली छाती नवी करणं माझ्या हातात नव्हतंच, गोजरी. तुझ्या आबांना ते ठाऊक होतं. पण मला दव पाजलंस तेव्हा तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. म्हणून हे माझ्याकडून, न मागता." तिनं दोघांच्या कपाळाला ओठ टेकवले.

आणि आबा न थांबता बोलायला लागला! गोजरी रांगायला लागली तेव्हा पिठाच्या परातीत कशी जाऊन बसली होती, आणि भूत समजून सीताक्का कशी किंचाळली होती, ते त्यानं सगळं सांगितलं. दोघं पोट धरून हसली. मग गोजरीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. बोलता बोलता आबाचा आवाज हळू झाला, अजून हळू झाला, आणि एक श्वास बाहेर गेला तो परत आलाच नाही.

परी त्या श्वासाबरोबर वर उठली. सोनेरी, गुलाबी, मग नुसतीच शुभ्र. सारं घर उजेडानं भरलं आणि ती त्या उजेडातच विरघळून गेली.

सीताक्का धावत आली. दारातच थबकली. "कधी गं? एकटाच होता का?"

"नाही, अक्का," गोजरी म्हणाली. तिनं आबाचा हात अजून सोडला नव्हता. "मी जागी होते."