जोडफळीचा साकव

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्या डोंगरालाही आठवत नसेल.

डोंगरात एक गाव होतं. गावाला लागून खोल घळ होती. अलीकडे घरं, पलीकडे पाणचक्की, कुरणं आणि मेंढ्या. म्हणजे चूल अलीकडे आणि पीठ पलीकडे. मधे एक साकव, तोही एकाच रुंद फळीचा. गावाचं सगळं येणंजाणं त्या फळीवरून.

फळी चिडाची असायची. चीड म्हणजे सुईसारख्या पानांचं ते उंच, सरळ झाड. त्या डोंगरावर दुसरं काही उगवतच नव्हतं म्हणा ना. आणि गावाची एक रीत होती. साकवाची फळी अखंड हवी, एका झाडाची, एका तुकड्याची. जोड दिलेली फळी म्हणजे सदऱ्याला ठिगळ. ठिगळावरून देवाची पालखी कशी न्यायची?

या गावात दोन भाऊ होते. दोघेही सुतार. त्यांची करवत मोठी होती, दोघांनी मिळून ओढायची. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. थोरला शांत होता. धाकटा आधी बोलायचा, मग विचार करायचा, आणि पुष्कळदा विचार करायचा राहूनच जायचा.

थोरल्याने एकदा पाटलांना सांगून पाहिलं, "पाटील, चिडाला दर हातभर उंचीवर फांद्यांचं कडं फुटतं. फांदी फुटते तिथे लाकडात गाठ बसते. झाड जितकं लांब, तितक्या गाठी. आपली फळी दर वेळी गाठीतच मोडते. गाठी कापून टाकतो आणि चांगले तुकडे जोडतो. बघा तरी."

पाटील हसले. "अरे, गाठींनीच तर फळीला शोभा येते! घाल अखंड."

पाटलांचा शब्द. थोरल्याने अखंड फळी घातली. घरी मात्र तो आपला गाठी काढलेले तुकडे साठवत राहिला. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला तो लांब, निमुळते दाते कापून ठेवायचा.

मग एका सकाळी थोरला पिठाचं पोतं पाठीवर घेऊन साकवावर आला आणि फळी मोडली. गाठीतच मोडली. त्यापुढचं सांगण्यासारखं नाही. घळ खोल होती.

गावात आणखी एक रीत होती. गेलेल्या माणसाचं अर्धवट काम घरात ठेवायचं नाही, जाळून टाकायचं. दिवस झाले तशी चार माणसं थोरल्याच्या अंगणात आली आणि तुकडे उचलू लागली.

"हात लावाल तर बघा!" धाकटा आतून धावत आला. एकाच्या हातातला तुकडा त्याने हिसकावून घेतला. "हे सरपण नाही. हा साकव आहे. दादाचा साकव."

"अरे, रीत आहे ती," पाटील म्हणाले.

"तुमच्या रीतीवरून चालतानाच गेला ना तो?"

पाटलांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "बर्फ पडायच्या आत मेंढ्या अलीकडे यायला हव्यात, पोरा. मोठं झाड पाडून ठेवलंय. त्याची फळी घालणार आम्ही."

"त्याआधी माझी बघा. या तुकड्यांची फळी करतो. टिकली तर तीच साकवावर बसेल."

"आणि नाही टिकली तर?"

विचार करेल तो धाकटा कसला! "तर दादाचे सगळे तुकडे माझ्या हाताने जाळीन. आणि पुन्हा करवत धरणार नाही."

माणसं निघून गेली. धाकटा कामाला बसला आणि पहिल्याच तुकड्यावर अडला. एका टोकाला दादाने कापलेले दाते होते. दुसरं टोक तसंच सपाट होतं. दात्यांत दाते बसवायचे तर त्या सपाट टोकालाही करवत लावायला हवी होती. त्याने करवत उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. दादाने शेवटचा हात लावलेलं लाकूड होतं ते. त्याला तो कापणार कसा?

त्याने कापलंच नाही. एकाचे दाते दुसऱ्याच्या सपाट टोकाला टेकवले. मधल्या फटीत चिडाचीच राळ उकळून भरली. वरून पट्ट्या ठोकल्या, दोर आवळले. फळी दिसायला झकास झाली.

पारासमोर दोन दगडांवर फळी ठेवली. सगळं गाव जमलं. पहिलं पोतं ठेवलं, फळी कुरकुरली. दुसरं ठेवलं आणि जोड वाळक्या शेंगेसारखा उकलला. पोतं फुटून सगळीकडे पीठ उडालं.

"भाकरी तरी थापून घ्या!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. पाटील मात्र हसले नाहीत.

धाकट्याने तुकडे गोळा केले, खांद्यावर घेतले आणि घर गाठलं. चुलीपाशी ते आपटले. म्हणाला, "वहिनी, विस्तव द्या. जाळायचं ठरलंय."

वहिनीने विस्तव दिला नाही. एक तुकडा उचलून ती त्याच्या सपाट टोकावरून हात फिरवत राहिली. "भावोजी, हे टोक तुम्ही का नाही कापलंत?"

"दादाने हात लावलाय त्याला."

"म्हणून?"

धाकट्याने तिच्या हातातला तुकडा घेऊन खाली ठेवला.

"म्हणून तसंच ठेवलंत," वहिनी म्हणाली. "इकडे बघा." तिने आपले दोन तळवे एकमेकांवर टेकवले. "ओढा." त्याने तिची मनगटं धरून ओढली. तळवे लगेच सुटले. मग तिने बोटांत बोटं अडकवली. "आता ओढा." त्याने ओढलं. पुन्हा जोर लावून ओढलं. हात सुटेनात.

"एका हाताला बोटं असून भागत नाही," ती म्हणाली. "त्यांनी अर्धं काम केलं, अर्धं राहिलं. ते तुम्हाला कापावंच लागेल. मला काय कळत नाही, काय होतं ते? त्यांची घोंगडी मी अजून झटकलेली नाही. पण झटकावी लागेलच ना." मग डोळे पुसून म्हणाली, "आणि उद्या पुन्हा पीठ सांडू नका. आणणार कुठून?"

धाकट्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. आणि मग रडूही आलं.

सकाळी त्याने तुकडा सुतारकामाच्या लाकडी घोडीवर बांधला आणि करवतीचं एक टोक धरलं. दुसरं टोक तसंच लोंबत राहिलं. एवढ्या जाड लाकडात ती करवत एका माणसाने चालत नाही. त्याने दोन घरी जाऊन हाक मारली. एक म्हणाला कंबर दुखते, दुसरा म्हणाला शेळी व्यायलीय. गेलेल्याच्या कामाला हात लावायची सगळ्यांना भीती.

तो परत आला तर घोडीपाशी पाटील उभे. पागोटं काढून त्यांनी कुंपणावर ठेवलेलं.

"तरुणपणी ओढलीय मी करवत," पाटील म्हणाले. "धर."

"तुमच्याबरोबर? नको."

"मग कुणाबरोबर ओढतोस?"

धाकट्याने रागारागाने टोक धरलं. पहिल्याच फेरीला करवत वाकली आणि अडकली.

"ढकलतोयस तू," पाटील म्हणाले. "तुझ्या दादाने शिकवलं नाही? ही करवत ढकलायची नसते, नुसती ओढायची. तुझी बारी आली की ओढ. माझी बारी आली की सोड."

दादा अगदी असंच म्हणायचा. धाकट्याने ओठ आवळले. ओढलं. सोडलं. ओढलं. सोडलं. पांढरा, राळेच्या वासाचा भुसा खाली पडू लागला. पहिला दाता निघाला. दुसरा निघाला.

बऱ्याच वेळाने धाकटा म्हणाला, "तुमच्यामुळे गेला तो."

"हो," पाटील म्हणाले. करवत थांबली नाही. "त्याने मला गाठ दाखवली होती. मी हसलो. रोज सकाळी साकवापाशी जाऊन बसतो मी. तिथे गेलं की आपलं हसणंच ऐकू येतं."

धाकट्याने मान वर केली. समोर पाटील नव्हतेच. घामाने निथळणारा एक म्हातारा होता, आणि त्याला नीट झोप लागत नाही हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. धाकट्यालाही लागत नव्हती. पाटलांची बारी आली. धाकट्याने सोडलं, आणि या खेपेला हात सैल करून सोडलं.

सगळी टोकं कापून झाली. दात्यांत दाते बसले, मधे गरम राळ गेली, वरून खुंट्या ठोकल्या. जोडावर नख फिरवलं तरी कुठे अडकेना. बाजूला एक आखूड तुकडाही जोडून ठेवला, मोडून बघायला.

राळ सुकली तसं गाव पुन्हा पारापाशी जमलं. या वेळी कुणी पोतं आणलं नव्हतं. पाटलांनी तो आखूड तुकडा दोन दगडांवर ठेवला आणि जात्याची जड दगडी तळी वर चढवायला लावली. मग दुसरी. मग तिच्यावर चार गडी चढले. शेवटी तुकडा कडाडून मोडला.

"मोडला! मोडला!" लोक ओरडले.

"कुठे मोडला ते बघा की!" धाकटा त्यांच्याहून मोठ्याने ओरडला आणि तुकडे हवेत धरून नाचवू लागला. "बघा! नीट बघा!"

लोक जवळ आले. लाकूड जोडाच्या शेजारी फाटलं होतं. कोऱ्या, बिनगाठीच्या लाकडात. जोड जसाच्या तसा होता. दात्यांनी एकमेकांना सोडलं नव्हतं.

दुपारी जोडफळी घळीवर चढली. वहिनी काठावर उभी होती. धाकट्याने पिठाचं पोतं पाठीवर घेतलं आणि फळीवर पाय ठेवणार, तोच पाटलांनी पोत्याला हात घातला.

"दे इकडे."

"दादाची फळी आहे. आधी मी जाणार."

"तू ओढलीस, पोरा. आता माझी बारी."

धाकट्याने पोतं घट्ट धरलं होतं. मग त्याने ते सोडलं.

पाटील निघाले. बरोबर मधे, थोरला पडला होता त्या जागी, ते पोत्यासकट थांबले. पाटलांनी पाय आपटला. मग दुसरा आपटला. फळीने हूं की चूं केलं नाही. पाटील पलीकडे पोचले, वळले आणि हात वर केला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मेंढ्या अलीकडे आल्या. पुढे देवाची पालखीही नेली, त्याच ठिगळावरून. पाडून ठेवलेल्या त्या मोठ्या झाडाच्याही गाठी पुढे धाकट्याने कापून टाकल्या आणि तुकडे जोडून पाणचक्कीला नवं दार केलं. करवतीच्या दुसऱ्या टोकाला पाटीलच असायचे. किती बर्फ पडलं आणि वितळलं, किती पोरांचे म्हातारे झाले, पण साकवाची फळी बदलावी लागली नाही. उन्हाने ती काळी पडली. जोड मात्र कुठे आहेत ते शोधावं लागायचं.

बोध एवढाच: जोडण्यासाठी जे दोन्ही बाजूंनी कापून घ्यायला तयार होतात, त्यांचा जोड अखंडाहून बळकट असतो.