विरामाच्या जागी

एकदा एका मोठ्या तळ्याच्या काठी एक वृद्ध वादक आपल्या शिष्येची वाट पाहत होते. आज-काल नव्हे, पुष्कळ वर्षं. गाव चीन देशाच्या दक्षिणेला, आणि तळं असं की वर्षातला निम्मा काळ त्याच्यावर धुकं. सकाळी दार उघडावं तर अंगणापुढे जग नाहीच. मग हळूहळू एक झाड येतं, घाटाची एक पायरी येते, एखादी होडी येते. तिथल्या माणसांना याचं काही वाटत नाही. न दिसणाऱ्या गोष्टी आहेत असं धरूनच ती चालतात. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

गुरुजींचं वाद्य सात तारांचं. ते मेजावर आडवं ठेवायचं, उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून घासत न्यायचं. आपल्याकडे सतारीवर मींड घेतात, साधारण तशी कल्पना करा. तारा रेशमाच्या, त्यामुळे आवाज इतका हलका की शेजारच्या खोलीत कुणी भांडं आपटलं तर संपलंच. असलं वाद्य वाजवणारा माणूस एक तर संत होतो, नाही तर जन्मभर शेजाऱ्यांशी भांडतो. आमचे गुरुजी दोन्ही होते.

शिष्येचं नाव यीलान. लहानपणी ती त्यांच्याकडे शिकली. तरुणपणी, शिक्षण अर्ध्यावर टाकून, पाश्चात्त्य संगीत शिकायला परदेशी गेली आणि तिथंच रचनाकार म्हणून तिचं नाव झालं. ती मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहायची. व्हायोलिनं, बासऱ्या, पितळी तुताऱ्या, आणि त्यांच्यामधून आपल्या मुलखातल्या धुना अलगद सोडायची. नाव झालं म्हणजे बोलणं आलंच. तिकडचे जाणकार म्हणत, "छान आहे, जेवणात थोडा परका मसाला." इकडचे म्हणत, "आता ती आपली कुठं राहिली? त्यांचीच झाली की." यीलान हसून सोडून द्यायची. पण एकटी असली की तिला भीती वाटायची. आपण दोन कापडांचे तुकडे जोडत बसलो आहोत, आणि त्यात आपली म्हणावी अशी फक्त शिवण, असं तिच्या मनात येई.

अशात तिच्याच मुलखातल्या, तळ्यापासून जवळच उभारलेल्या एका नव्या सभागृहानं तिच्याकडे रचना मागितली. वाद्यवृंद परदेशाहून येणार होता. तिनं ठरवलं की रचनेच्या मधोमध गुरुजींनी बसायचं आणि 'पलीकडचा काठ' ही धून वाजवायची. ती धून पुरी येणारं गुरुजींखेरीज आता कुणी उरलं नव्हतं. धुनेतली गोष्ट अगदी साधी आहे. एक माणूस होडीतून निघतो, दुसरा काठावर उभा राहतो, होडी धुक्यात शिरते आणि शेवटी पलीकडच्या काठाला लागते. ही रचना जमली तर आपण दोन्हीकडच्या, नाही जमली तर कुठल्याच नाही, असं यीलाननं मनाशी घेतलं होतं. माणूस स्वतःलाच असल्या अटी घालतो आणि मग त्यांच्याखाली दबतो.

तिनं गुरुजींना फोन केला. बऱ्याच वर्षांनी केला. गुरुजी एवढंच म्हणाले, "येतो. पण त्या मंडळींना सांग, जरा हळू वाजवा."

आता तिच्या हातून चूक काय झाली ते ऐका. धून शेवटपर्यंत शिकण्याआधीच ती गेली होती. तेव्हा तिनं गुरुजींच्या वादनाची एक जुनी टेप लावली आणि ऐकत ऐकत पाश्चात्त्य पद्धतीनं स्वर लिहून काढले. कान मोठा तयारीचा. एक श्रुती इकडची तिकडे झाली नाही. होडी धुक्यात शिरते तिथं टेपवरचा स्वर बारीक होत होत विझतो, आणि बऱ्याच वेळानं एकच नवा स्वर येतो. मधल्या शांततेच्या जागी तिनं विरामाची खूण केली. विराम म्हणजे इथं काही वाजत नाही. पण एवढी रिकामी जागा तिला बघवेना. मग तिथं तिनं व्हायोलिनांचा एक पडदा सोडला. सुंदर होता हो, उगाच नावं का ठेवा!

तालमीच्या दिवशी गुरुजी आले, वाद्यवृंदाच्या मधोमध बसले, आणि वाजवू लागले. होडी निघाली, धुक्यात शिरली, व्हायोलिनं सुरू झाली आणि संपली. आता गुरुजींचा स्वर यायचा. तो आला नाही. वाद्यवृंदाच्या संचालकांनी हातातली काठी वर धरली ती वरच राहिली. बऱ्याच उशिरानं गुरुजींनी तार छेडली. पुन्हा झालं, पुन्हा तसंच. संचालक उंच, शिस्तीचे गृहस्थ होते, वाईट नव्हते. ते यीलानजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुमचे गुरुजी मात्रा मोजत नाहीत. कार्यक्रम उद्यावर आला. त्यांची टेप आहे ना तुमच्याकडे? तीच लावू. टेप उशीर करत नाही."

मागे दोघे-तिघे वादक हसले. यीलानचे कान तापले. लाज नेमकी कुणाची वाटली, गुरुजींची की स्वतःची, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती गुरुजींपाशी गेली आणि नको ते बोलून बसली. "गुरुजी, तुम्ही दमला असाल. तुमची जुनी टेप आहे माझ्याकडे. ती लावली तर चालेल का?"

गुरुजींनी तारांवरचा हात काढला. मग म्हणाले, "लाव की. टेपला मध्येच चहाही लागत नाही."

"तसं नाही गुरुजी, तुम्हाला यायला उशीर होतो म्हणून..."

"मला उशीर होत नाही, पोरी. मी अजून घरातच असतो, आणि तुझी ही मंडळी बाहेरून कुलूप लावून मोकळी होतात."

याचा अर्थ यीलानला लागला नाही. गुरुजींनी वाद्यावर कापड गुंडाळलं, गाठ मारली आणि उठले. उद्या वाजवणार की नाही, ते बोलले नाहीत. दारापाशी वळून एवढंच म्हणाले, "सकाळी घाटावर ये. तुझे ते कागद घेऊन ये."

सकाळी तळं नव्हतंच. नुसतं पांढरं. यीलान पायरी पायरी चाचपत उतरली तर खालच्या पायरीवर गुरुजी वाद्य घेऊन बसलेले, आणि समोर कोबीनं भरलेली एक होडी पलीकडच्या बाजाराला निघालेली. नावाड्यानं गुरुजींना हात केला, काठावर बांबू रोवून होडी लोटली.

"बघ तिच्याकडे," गुरुजी म्हणाले.

यीलान बघत राहिली. आधी कोबीचा हिरवा रंग गेला, मग नावाड्याची टोपी, मग बांबू. पाण्याचा आवाजही मिटला. ती वळून पायरीवर बसायला लागली.

"कुठं निघालीस?"

"गेली ना होडी."

"गेली? बुडाली का?"

"बुडाली नाही हो गुरुजी. दिसेनाशी झाली."

"मग दिसेनाशी झाली म्हण. तुम्ही लोक फार लवकर 'गेली' म्हणता."

दोघंही उभी राहिली. किती वेळ ते मला विचारू नका, धुक्यात घड्याळ चालत असलं तरी दिसत नाही. पुष्कळ वेळानं त्या पांढऱ्यातून एक हाक आली, "पोचलो हो!" गुरुजींनी मान डोलावली, जणू कुणी आपल्यालाच कळवलं. मग ते बसले, वाद्य मांडीवर घेतलं आणि 'पलीकडचा काठ' निरोपापासून वाजवू लागले. स्वर बारीक झाला, विझला.

"आता वाच तुझा कागद. काय लिहिलंयस इथं?"

"विराम."

"म्हणजे?"

"म्हणजे इथं काही वाजत नाही."

"आणि हे काय चाललंय मग?"

यीलाननं खाली पाहिलं. गुरुजींचं डाव्या हाताचं बोट तारेवरून चाललेलं होतं. उजवा हात केव्हाच बाजूला आलेला, तार मुकी झालेली, आणि बोट मात्र चाललेलं. थोडं पुढं गेलं, थबकलं, किंचित मागं फिरलं, पुन्हा पुढं.

"हात ठेव लाकडावर," ते म्हणाले.

तिनं तळवा टेकला. आत रेशमावर कातडी घासल्याची बारीकशी सरसर होती, तेवढीच. पण बोट जसं वळत होतं तशी धून तिच्या मनात पुढं पुढं जाऊ लागली. एकेक वळण तिला स्वच्छ ऐकू आलं, गाऊन दाखवता आलं असतं असं. शेवटी बोट एका जागी येऊन थांबलं, आणि तेव्हाच, थांबल्यावरच, गुरुजींनी तो एकटा स्वर छेडला. पलीकडचा काठ आला होता.

"हे टेपवर नाही," यीलान पुटपुटली.

"असणार कसं? टेपला बोट दिसत नाही." गुरुजींनी तारांवर हात ठेवला. "काल माझी होडी पाण्यात होती, आणि तुला वाटलं पाणी रिकामं आहे. म्हणून तू त्याच्यावर व्हायोलिनं अंथरलीस. शांततेला घाबरलीस. पोरी, 'मी इकडची की तिकडची' हे विचारून तू स्वतःला जाळून घेतेस, मला दिसतं ते. काठावरच्या माणसांना काठ तेवढे दिसतात. स्वर एका काठावरून निघतो आणि दुसऱ्याला लागतो, मधल्या वाटेवर त्याचा आवाज येत नाही. पण सगळा प्रवास तिथंच होतो. तुझं गाणं तिथलं आहे."

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तू गेलीस तेव्हा मी याच पायरीवर उभा होतो. पुढं वर्षांमागून वर्षं तुझा आवाज नाही. मला तरी कुठं काय ऐकू येत होतं? मी काय तिथं विराम लिहिला?"

यीलान रडली. चांगली हुंदके देऊन रडली, इतक्या मोठ्या नावाची बाई. "गुरुजी, मी आधी यायला हवं होतं."

"आलीस की. उशीर झाला असेल, पण तो त्या उंच माणसाच्या हिशेबानं. माझ्या नाही."

दुपारी शेवटची तालीम होती. यीलाननं विरामाच्या खुणेवर काट मारली आणि तिथं लिहिलं, 'बोट चालू आहे'. व्हायोलिनांचा पडदा काढून टाकला आणि सगळ्या तंतुवादकांना सांगितलं, "इथं गज तारांपासून उचलायचा. डाव्या हाताचं बोट मात्र तारेवरून चालवायचं, गुरुजींचं चालेल तसं."

संचालक गोंधळले. "पण वाजवायचं काय?"

"काही नाही."

"आणि मी मोजायचं किती?"

"मोजू नका. त्यांच्या बोटाकडे बघा. ते पोचले की हात करा."

संचालक काही बोलणार तोच मागून एक पोक्त चेलोवादक बाई हसल्या. "अहो, हे तर आम्ही नेहमीच करतो! दौऱ्यावर हॉटेलात उतरलो की शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपमोड नको म्हणून गज न लावता नुसती बोटं फिरवतो. सबंध रचना वाजते आतल्या आत." इतर वादकांनीही माना हलवल्या. यीलाननं हे गुरुजींना भाषांतर करून सांगितलं तेव्हा म्हातारा इतका खूश झाला की मांडीवर थाप मारली. "म्हणजे तिकडेही शेजारी आहेत तर! मग जमेल."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. होडी निघाली, तुताऱ्या आणि बासऱ्या तिला काठापर्यंत पोचवून मागे सरल्या. रेशमाचा स्वर बारीक होत विझला आणि सगळे गज वर गेले. मग त्या उजेडात दिसत होती ती फक्त डाव्या हातांची बोटं, मंचभर, मध्ये बसलेल्या एका म्हाताऱ्या बोटाच्या मागोमाग सरकणारी. लोक आधी चुळबुळले, एकजण खोकला, आणि मग खोकणंही थांबलं. माणसं पुढं झुकली. सभागृहात धुकं उतरल्यासारखं झालं. संचालक काठी खाली करून नुसते बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची घाई कुठं गेली होती कोण जाणे. गुरुजींचं बोट पोचलं. तो एकटा स्वर आला, आणि त्याच्यामागून, संचालकांच्या हातासरशी, सगळा वाद्यवृंद काठाला लागला.

कार्यक्रम संपल्यावर यीलान बाहेर पायऱ्यांवर उभी होती. नक्की काय झालं, जमलं की नाही, तिला अजून कळत नव्हतं. समोरून एक वयस्क बाई नातीचा हात धरून, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत उतरत होत्या. यीलान आधी ऐकून सोडून देणार होती. मग ती एक पायरी खाली उतरून ऐकू लागली. त्या बाई गुणगुणत होत्या तो तुकडा संध्याकाळभरात कुणी वाजवलाच नव्हता. थोडं पुढं, जरा थबकून, किंचित मागं, पुन्हा पुढं. तिनं वळून गुरुजींकडे पाहिलं. ते मागं दारापाशी वाद्याची गाठ बांधत होते, आणि त्यांनीही ऐकलं होतं.

आपल्याही घरातलं कुणी असंच धुक्यात असेल, बरेच दिवस त्याचा आवाज आला नसेल. त्याच्या नावापुढे विरामाची खूण करायची घाई करू नये, एवढंच.