जेवायला किती पानं?

वाघोशीच्या पतसंस्थेचे अध्यक्ष त्र्यंबकराव बोंद्रे यांना एकच गोष्ट जमत नसे, ती म्हणजे गप्प बसणं. वार्षिक सभेत त्यांनी फर्मावलं, "व्याजदर आता उतरणारच! सगळा पैसा दहा वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जांत घाला."

व्यवस्थापक विमलताई उठल्या. "साहेब, आपल्या ठेवी वर्षभराच्या. दर चढले तर ठेवीदारांना जास्त द्यावं लागेल, कर्जदारांकडून मात्र तेवढंच येईल. निम्मी कर्जं बदलत्या दराने देऊ, थोडी रक्कम हाताशी ठेवू."

"अंदाजपंचे नको! दिवाळीला दर किती असेल, नेमका आकडा सांगा. नाहीतर खुर्ची सोडा."

"सांगते. आधी तुम्ही सांगा, आज सभेनंतर जेवायला नेमकी किती पानं बसतील?"

"ते कोण सांगणार? दोनशेंचा स्वयंपाक केलाय, आणखी शंभरांचा शिधा बाजूला काढलाय. गर्दी झालीच, तर चूल पेटतीच आहे." अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "याला नियोजन म्हणतात, बाई!"

"मग जेवणावळीला लावलीत तेवढी अक्कल लोकांच्या ठेवींनाही लावा की!"

मंडप हसून हसून लोळला आणि विमलताईंचा ठराव हात वर करून मंजूर झाला. नंतर पंगतीला अडीचशे पानं उठली. एकच पान रिकामं राहिलं, अध्यक्षांचं.