सात नंबरची गाय

कोळेवाडीच्या शाळेत नववीला पशुपालनाचा तास असे, आणि तो गोठ्यातच भरे. भिंतीवर तालुक्याच्या साहेबांनी स्वतः लिहून पाठवलेले नियम टांगले होते आणि साहेबांना त्यांचा भारी अभिमान. हात धुवावेत, वेळेवर यावं, वैरण मोजून घालावी, इथवर सगळ्यांना पटायचं. शेवटचा नियम मात्र अनुसयाला सलायचा: 'जनावरांना कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानेच ओळखावे. नाव घेतले की माया लागते.'

सात नंबरची गाय तिच्याच घरची होती. आई कामासाठी शहरात गेली, अनुसया शाळेच्या वसतिगृहात आली, घरी सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून गाय शाळेला दिली. संध्याकाळी रानातून घरी बोलवताना अनुसया तिला नावानेच हाक मारायची. आता रोज तिचं अंग घासताना ते नाव ओठांवर यायचं आणि अनुसया ते गिळून टाकायची.

एक दिवस साहेब तपासणीला आले. गायीच्या मानेवर हात ठेवून उभी असलेली पोर पाहून त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"तेवीस."

"हजेरीचा नंबर नको. नाव सांग."

"नको साहेब," अनुसया म्हणाली. "नाव घेतलं की माया लागते, असं तुम्हीच लिहिलंय. आणि तुम्ही तर तासाभरात निघून जाणार."

तास घेणाऱ्या सरांनी जीभ चावली. साहेब भिंतीवरच्या नियमांकडे वळले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी शेवटची ओळ खोडली.

"बरं, हिचं नाव काय?"

"मैना. पण हाक तुम्हीच मारा, साहेब. मी मारली तर ती घरी निघेल, आणि घरी कोणी नाही."