नदीकाठी वाळत घातलेली गोष्ट

एका गावात नदी रोज वेगळ्या रंगाची वाहायची. आज निळी, उद्या लाल, आणि सणासुदीच्या आधी तर अशी काही, की खालच्या गावची गुरं पाणी पिण्याआधी विचारात पडत. कारण त्या गावात रंगारी राहत. लाकडी ठशांनी ते कापडावर कमळं, मोर आणि वेली उमटवत, कापड नदीत धूत आणि काठावर वाळत घालत.

त्यांच्यात एक रंगारीण होती. दिवसभर तिचा हात ठसा उचलायचा, टेकवायचा, वरून मूठ मारायचा, आणि मन भलतीकडेच असायचं. मनात तिनं एक गोष्ट रचली होती. एका डोंगराला समुद्र पाहायचा असतो. बाकीचे डोंगर त्याला हसतात, कारण डोंगरानं जागचं हलायचं नसतं. हा मात्र हलतो. अंगावरची झाडं, घरटी, देवळं सगळं सांभाळत, कुणाला कळणारही नाही इतक्या हळू, तो समुद्राकडे निघतो.

ही गोष्ट कुठून सुचली ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. सवड मिळेल तशी ती बोरूनं कागदावर उतरवत गेली. शेवटचं वाक्य लिहून तिनं बोरू खाली ठेवला. एवढा मोठा डोंगर आपल्यासारखीच्या मनात मावला कसा, याचं तिला नवल वाटत राहिलं. मग तिला एकच ध्यास लागला. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही, अशा माणसांना हा डोंगर दिसावा. कुणी वाचलंच नाही, तर तो बिचारा तिच्या फडताळातच अडकून पडणार होता.

लोक म्हणाले, "राजधानीत ग्रंथमहाल आहे. पुस्तक जगापुढे न्यायचं तर तिथंच जावं लागतं."

ती गेली. महाल पाहून तिचे डोळे दिपले. छतापर्यंत पोथ्याच पोथ्या, प्रत्येक रेशमी रुमालात बांधलेली, प्रत्येकीपुढे फुलं आणि उदबत्ती. महालाचा कारभारी हसतमुखानं सामोरा आला. त्यानं तिची पोथी हातात घेतली, कपाळाला लावली आणि डोळे मिटले.

"वा, बाई! असं पुस्तक शंभर वर्षांत एखादंच होतं."

"पण तुम्ही अजून उघडलं नाही," ती म्हणाली.

"उघडायला कशाला हवं? आम्हाला नुसत्या स्पर्शानं कळतं."

रंगारणीला हे फार आवडलं. आपल्याला कुणी असं म्हटलं तर आपल्यालाही आवडेल, उगाच तिला का हसा!

कारभारी म्हणाला, "रेशमी रुमाल, हत्तीवरून मिरवणूक आणि इथं कायमची जागा. तुम्ही फक्त तुमच्या ठशांची पेटी महालाच्या नावे करायची. कलेसाठी एवढं तर करावंच लागतं. आणि जागा एकच उरलीय हं, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा."

ठशांची पेटी तिच्या आजेसासूपासूनची होती. ती गेली तर चूल कशावर पेटणार? पण हत्ती काही डोळ्यांपुढून हलेना. विचार करत ती महालातून फिरू लागली.

एका कोपऱ्यात एक म्हातारा फडक्यानं एका पोथीची धूळ पुसत होता.

"बाबा, ही कुणाची पोथी?"

"माझीच, पोरी. आमराई देऊन ठेवलीय इथं. मिरवणूक अशी निघाली होती म्हणून सांगू! दर पौर्णिमेला पुसायला येतो."

"कुणी वाचली?"

"वाचणार कशी? लोक हळदकुंकू वाहतात, प्रदक्षिणा घालतात. गाठ सोडली तर पोथीचा मान जातो, असं कारभारी म्हणतात." मग तो घाईनं म्हणाला, "पण फुलं रोज ताजी असतात हो."

"काय लिहिलंय तुम्ही तिच्यात?"

म्हाताऱ्यानं फडकं खाली ठेवलं. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो सांगायला लागला, अडखळला, पुन्हा लागला, आणि ओशाळून म्हणाला, "थोडं विसरलो बघ."

 ती तडक कारभाऱ्याकडे गेली. "माझी पोथी परत द्या."

कारभाऱ्याचं हसू मावळलं. "घरी नेलीत तर उंदीर कुरतडतील!"

"कुरतडू देत. उंदीर निदान आत तरी शिरतील," ती म्हणाली आणि निघाली.

ताठ मानेनं निघाली खरी, पण गाव जवळ आलं तसा तिचा धीर सुटत गेला. आता डोंगराला कोण नेणार? नदीकाठी येऊन ती दमून बसली. समोर तिचंच कापड वाळत होतं. काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमळं. एकाच ठशाची, पण शेकडो. ही कमळं व्यापारी कुठकुठल्या गावांना नेत, कुठकुठल्या लेकीसुनांच्या अंगावर ती मिरवत. जन्मभर ती हे बघत आली होती आणि आज पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. एक कमळ इतक्या दूर जाऊ शकतं, तर एक वाक्य का नाही?

ती पळतच ठसे कोरणाऱ्या सुतारकाकांकडे गेली. "काका, मला अक्षरं कोरून द्या. ओळीच्या ओळी."

काकांनी पहिली ओळ मन लावून कोरली. तिनं ती कापडावर उमटवली, आणि दोघंही वाकून बघू लागले. सगळी अक्षरं उलटी! आयुष्यभर फुलं कोरलेली माणसं ती. फूल उलटं उमटलं तरी फूलच राहतं. अक्षराचे नखरे त्यांना काय ठाऊक? घाटावर लोक पोट धरधरून हसले.

"हसू देत," काका म्हणाले. "आता उलटंच कोरतो, म्हणजे सुलटं उठेल."

पुन्हा लाकूड, पुन्हा पटाशी. बऱ्याच ओळी वाया गेल्या, त्यांची चुलीत राख झाली. पण एका सकाळी रंगारणीनं ठसा उचलला आणि खाली काळीभोर, सुलटी अक्षरं होती: 'एका डोंगराला समुद्र पाहायचा होता.' तिनं पुन्हा ठसा टेकवला. पुन्हा तेच. जितक्या वेळा टेकवावा तितक्या वेळा डोंगर निघत होता! ठसा हातात धरूनच ती रडू लागली.

सगळी गोष्ट उमटून झाली तेव्हा धुतलेली कापडी पानं काठावर ओळीनं वाळत घातली गेली. पाण्याला आलेल्या बायका पहिल्या पानाशी थांबल्या, दुसऱ्याकडे सरकल्या, तिसऱ्याकडे. ज्याला वाचता येईना, त्याला शेजारचा वाचून दाखवू लागला. बघता बघता सगळा गाव गोष्टीच्या कडेकडेनं चालत होता. नावाड्यानं नाव तशीच सोडली, आणि पलीकडे खोळंबलेली माणसं ओरडू लागली, "अरे, आम्हाला पण सांगा, डोंगर पोचला का?"

त्या दिवसापासून व्यापारी कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर गोष्टीची पानंही नेऊ लागले. कधी खपत, कधी तशीच परत येत. पेटी रंगारणीकडेच होती, त्यामुळे घर चालत होतं आणि पानंही निघत होती.

काही वर्षांनी रंग खरेदी करायला ती फार लांबच्या गावी गेली. दमून एका ओसरीवर टेकली, तर आतून बाईचा आवाज आला. "...झाडं, घरटी, देवळं सगळं सांभाळत, तो समुद्राकडे निघाला." रंगारीण कान देऊन ऐकू लागली. कधी न पाहिलेल्या तोंडातून तिचे शब्द येत होते.

तिनं डोकावून पाहिलं. आईच्या मांडीवर एक चिमुरडी होती आणि पुढ्यात धुऊन धुऊन विरलेलं कापड.

"शेवटचं पान पार पुसलंय हो," आई पाहुणीला म्हणाली. "काय होतं देव जाणे. म्हणून आम्ही रोज आमचाच शेवट करतो."

रंगारणीला शेवट पाठ होता. तो तिच्या अगदी ओठांवर आला. पण त्याआधीच मुलगी म्हणाली, "मी सांगते. डोंगर निघालाय हे समुद्राला कळलं होतं. मग समुद्रपण निघाला. दोघं वाटेत भेटले."

रंगारणीला हे कधीच सुचलं नव्हतं. तिनं आपला शेवट गिळला, त्या मुलीला हात जोडले आणि म्हणाली, "हो गं बाई. अगदी असंच झालं."

तात्पर्य ज्यानं त्यानं गाठीशी बांधावं ते एवढंच: जो पुस्तक न उघडताच वाखाणतो आणि मोल लिहिणाऱ्याकडूनच मागतो, तो फार तर रुमाल देईल, वाचक देणार नाही; आपले ठसे विकू नयेत, त्यांवर आपली अक्षरं कोरावीत.