राईची वाट कोणी लावली?

एका टेकडीच्या कुशीत जांभूळ, करंज आणि ऐन यांची एक जुनी राई होती आणि त्या राईत एक साळिंदर राहत असे. सगळे तिला साळूबाई म्हणत. बालमित्रांनो, साळिंदराच्या पाठीवर काटे असतात हे तुम्हांला ठाऊक असेलच. साळूबाईच्या जिभेवरही थोडे होते. तशी ती मनाने वाईट नव्हती. तिला आपल्या राईचा अभिमान होता, इतकेच. आणि अभिमानाला काटे फार लवकर फुटतात.

राईच्या वरच्या अंगाला, उघड्या माळाच्या कडेशी, एक झरा उगम पावत असे. त्याचा ओहळ राईत उतरून एका गार डोहाला मिळे. डोहाकडे जाणारी पायवाट साळूबाईच्या आजी-पणजींच्या पायांनी पडलेली होती. या वाटेने सगळी राई पाण्यावर जाई, पोरे खेळायला जात, म्हातारे गप्पा मारायला जात. पण अलीकडे वाटेची दशा झाली होती. दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपे आत घुसली होती आणि ओहळापाशी ढोपरभर चिखल साचला होता. राईच्या तोंडाशी राहणारे म्हातारे कासव सकाळी डोहाकडे निघे आणि अर्ध्या वाटेवरून परत येई. उशिरा पोहोचण्याची कासवाला सवय होती; मुळीच न पोहोचण्याची नव्हती.

"साळूबाई," कासव एकदा म्हणाले, "मी टेकडीपलीकडच्या तळ्यावर राहायला जावं म्हणतो. सशांची दोन बिऱ्हाडं गेलीच. या वाटेचं काही खरं नाही."

ते बोलणे साळूबाईच्या जिव्हारी लागले. ससे गेले, मग कासव गेले, मग उरले कोण? जिथे कुणी येत-जात नाही त्या राईला राई कशाला म्हणायचे? नुसते रान झाले की!

राईत वाटेची काळजी कुणालाच नव्हती असे मात्र नाही. मोराच्या अध्यक्षतेखाली जांभळाखाली वरचेवर सभा भरे. 'वाट सुधारली पाहिजे' असा ठराव येई, कोल्हा त्याला जोरदार अनुमोदन देई आणि ठराव एकमताने मंजूर होई. मंजूर झालेल्या ठरावावरून चालता येत नसल्यामुळे सभा संपल्यावर सगळे चिखलातूनच घरी जात.

साळूबाई मात्र एकटीच घाणेरीची मुळे कुरतडत बसे. तोंड कडू होई, पण मदत ती कुणाची मागत नसे. मदत मागायची म्हणजे आपल्या राईतले उणे आपणच चारचौघांत सांगायचे! ती एका बाजूची झुडपे काढी तोवर दुसऱ्या बाजूची वाढत.

अशातच शेजारच्या माळावर घुशी राहायला आल्या. एकदोन नव्हेत, पुरती वसाहत आली. दिवसभर खणणे चाले. बिळाला बीळ लागले, मातीचे ढीग उभे राहिले. राईत खळबळ उडाली. ताबडतोब सभा भरली.

"नावच घूस," कोल्हा म्हणाला. "घुसणारच. आज माळावर, उद्या आपल्या राईत."

इतक्यात घुशींची म्होरकी स्वतःच सभेत आली. अंगावर माती, मिशांवर माती. तिने मोराला नमस्कार केला, मग सगळ्यांना केला आणि अगदी मनापासून बोलली.

"आम्ही तुमच्या नव्या शेजारणी. रिकाम्या हातानं शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणतात. ऐकलं, तुम्हांला वाटेचा फार त्रास आहे. आता काळजी सोडा. आमच्याकडे कष्टाला हात पुष्कळ आहेत. आम्ही सगळ्याजणी मिळून तुमच्या राईची वाट लावून देतो!"

सभा गार पडली. मोराचा पिसारा मिटला. साळूबाईचे काटे ताठ उभे राहून खुळखुळू लागले.

"काय म्हणालीस? पुन्हा बोल!"

घुशीला वाटले, म्हातारीला कमी ऐकू येत असावे. ती बिचारी आणखी मोठ्याने म्हणाली, "वाट लावून देतो, आक्का! अशी लावू, अशी लावू, की पंचक्रोशीत नाव होईल तुमच्या राईचं!"

यापुढचे तिला बोलता आले नाही. साळूबाई पाठ वळवून काट्यांनिशी तिच्या अंगावर धावली आणि घूस जी पळाली ती थेट माळावर जाऊन थांबली. धापा टाकत ती आपल्या मैत्रिणींना म्हणाली, "गं बाई, कसली ही माणुसकी! वाट लावायला गेले, तर मलाच वाटेला लावलं!"

कोल्ह्याच्या सूचनेवरून राई आणि माळ यांच्यामध्ये बोरीच्या फांद्यांचे कुंपण घातले गेले. राईच्या इतिहासात ठराव होऊन काम झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. घुशी आपली माती आतापर्यंत उतारावर दूरवर पसरत होत्या. आता कुंपण आडवे आले. माती जागच्या जागी साठू लागली. ढीग वाढला, आणखी वाढला, कुंपणावर रेलला आणि एका दुपारी कुंपणासकट धाडकन खाली आला. तो नेमका ओहळात. पाणी तुंबले. डोहात येणारी धार आधी करंगळीएवढी झाली आणि मग थांबली.

डोह आटू लागला तशी राईत बोलाचाली सुरू झाली. "बघा, लावली की नाही वाट? बोलल्याप्रमाणे करून दाखवलं घुशींनी!" कोल्हा म्हणाला. कुंपणाची सूचना कुणाची होती ते त्याच्या लक्षात नव्हते. मोराने निषेधाचा ठराव मांडला. कासव आपले तळ्याच्या दिशेला तोंड करून बसले.

ते पाहून साळूबाई उठली. चांगले दोन शब्द सुनावायचेच, असे ठरवून ती कधी नव्हे ती माळावर चढली. पण वर पोहोचताच ती थबकली. बिळाबिळांमधून वाटाच वाटा गेल्या होत्या. माती चोपून बसवलेली, कडेला खडे रचलेले, पाणी जायला बाजूने चर. चिखल नाही, झुडूप नाही. एका बिळापाशी एक म्हातारी घूस दाराशी उभी राहून शेजारणीला हाका मारत होती.

"अगं ये गं, बघायला ये! आमच्या सूनबाईनं दाराशी काय सुरेख वाट लावलीय!"

'सुनेने घराची वाट लावली' असे म्हणणाऱ्या सासवा साळूबाईने आजवर पुष्कळ पाहिल्या होत्या. पण त्यांच्यापैकी एकीचेही तोंड असे आनंदाने फुललेले नव्हते. दोघी म्हाताऱ्या त्या वाटेवरून कौतुकाने चालल्या. सूनबाई लाजून बिळात गेली.

साळूबाई चक्रावली आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाड लावतात, दिवा लावतात, तशी या घुशी वाट लावतात! यांच्यात त्याचा दुसरा अर्थच नाही. म्हणजे त्या दिवशी सभेत जी धमकी वाटली होती ते आहेराचे ताट होते आणि ते तिने लाथाडले होते. साळूबाईचे काटे हळूहळू अंगाला चिकटले.

म्होरकी तिला पाहून दोन पावले मागे सरली. "आक्का, लांबूनच बोला. ढीग पडला ही आमची चूक. पण तुम्ही कुंपण घातलंत, माती न्यायची कुठं?"

साळूबाईला माफी मागायची होती. पण आयुष्यात कधी मागितली नसल्यामुळे शब्द जागेवर सापडेनात. शेवटी तिने घसा खाकरला आणि दरडावल्यासारखे विचारले, "ते असू दे. आमच्या राईची वाट कधी लावताय, ते सांगा!"

घुशीच्या मिशा थरथरल्या. "खरंच लावू?"

"लावा. पण माझ्या देखत. आणि एक ऐका. झऱ्याच्या वरच्या अंगाला एकही बीळ खणायचं नाही. घरं बांधा, पोरंबाळं वाढवा, माळ मोठा आहे. झरा एकच आहे."

"कबूल," म्होरकी म्हणाली. "पाणी काय, आम्हांलाही लागतंच की. पण मग डोहावर आमची पोरंही येणार."

साळूबाईने क्षणभर विचार केला. "येऊ देत. आवाज कमी करा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. घुशींनी ओहळातली माती उपसली, तसे पाणी खळखळत डोहाकडे धावले. तीच माती त्यांनी चिखलाच्या जागी भरून चोपली, कडेला दगड बसवले आणि ओहळ जायला खालून मोरी ठेवली. ज्या ढिगाने पाणी अडवले होते त्याच्याच पाठीवरून आता वाट जाऊ लागली. घाणेरीची मुळे साळूबाई आता एकटी काढत नव्हती. एकाच दिवसात मुळे इतकी निघाली की तिला स्वतःचाच थोडा राग आला.

भांडणे झालीच नाहीत असे समजू नका. "जांभळापाशी वाट सरळ काढू," म्होरकी म्हणाली. "चार मुळं तोडली की झालं. लवकर पोहोचाल."

"लवकर पोहोचून कुणाला काय करायचंय?" साळूबाई फिस्कारली. "जांभूळ आधीपासून उभं आहे. वाटेनं त्याला वळसा घालावा. मोठ्या माणसासमोरून असं तीरासारखं जात नाहीत."

"तुमच्याकडच्या रीती अवघड आहेत बाई," घूस म्हणाली. पण वाटेने वळसा घातला. पुढे सावलीतले ते वळणच पोरांना सगळ्यांत आवडू लागले, हे घुशीने कबूल केले नाही आणि साळूबाईनेही तिला बोलून दाखवण्याची संधी सोडली नाही.

वाट तयार झाली, तशी राई ओळखू येईना. ससे परत आले. टेकडीपलीकडून पाहुणे पाहायला आले. मोर सगळ्यांत पुढे पिसारा फुलवून "माझ्या मार्गदर्शनाखाली" असे काहीसे सांगत होता. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," कोल्हा प्रत्येकाला सांगत होता. काय म्हणत होता ते मात्र सांगत नव्हता. इतक्यात त्यांच्या पायांशी काहीतरी हलले. म्हातारे कासव वाटेवरून येत होते. पाहुणे बाजूला झाले. कासवाने मोरी ओलांडली, जांभळाला वळसा घातला आणि सगळ्यांच्या देखत डोहात उतरले. डोके वर काढून ते एवढेच म्हणाले, "तळ्यावर जायचं रद्द."

साळूबाईला भरून आले. पण रडणे हा तिचा स्वभाव नव्हता.

एका पाहुण्या हरिणाने विचारले, "फारच छान! हे सगळं केलं कुणी?"

साळूबाईने मातीने माखलेल्या म्होरकीला पुढे ओढले. स्वतःचे सारे काटे सूर्यकिरणांसारखे फुलवले, मान ताठ केली आणि पलीकडच्या टेकडीवर ऐकू जाईल अशा अभिमानाने म्हणाली, "या आमच्या शेजारणींनी आणि आम्ही! आम्ही सगळ्यांनी मिळून या राईची वाट लावली!"

पाहुण्यांना अभिनंदन करावे की सांत्वन, हे कळेना. राईतली मंडळी मात्र टाळ्या वाजवत होती.

तात्पर्य : शेजारी नवा आला की त्याच्या शब्दांवर काटे उभारू नयेत, त्याने आपल्या दाराशी काय केले आहे ते आधी पाहून यावे. त्याला कुंपणापलीकडे ठेवले तर सगळ्यांचीच वाट लागते. आणि हाताशी धरले तर तीच वाट मार्गी लागते.